टोपणाला हात लावू नये

सोलापुरात लॉन ठेवणं हा मुळात हट्टाचा प्रकार आहे. नळाला पाणी चार दिवसांआड, मार्चपासून ऊन असं की अंगणात राहिलेली चप्पल पायात घालवत नाही, आणि आमच्या कॉलनीला मात्र मधोमध हिरवीगार हिरवळ पाहिजे. तिला बोअरचं पाणी पाजायचं, ती वाढली की कापायची, आणि ते कापलेलं गवत खायला एक म्हैस कुणी पाळतो म्हटलं तर त्याला नोटीस द्यायची. विजापूर रोडच्या आतल्या अंगाला आमचे हे बावन्न बंगले आहेत आणि मी त्यांचा सचिव आहे. हे पद दुसऱ्या कुणालाच नको होतं म्हणून माझ्याकडे आलं.

ह्या हिरवळीसाठी कॉलनीनं अकरा वर्षांपूर्वी गवत कापायचं एक मशीन घेतलं. तेही जुनंच, एका बंद पडलेल्या गेस्ट हाऊसचं सामान निघालं त्यातलं. पेट्रोलवर चालणारं, दोरी ओढून सुरू करायचं, आणि ढकलायच्या दांड्याला पेट्रोलची पत्र्याची टाकी अडकवलेली. ते चालवायचा कल्लप्पा, आमचा माळी. अक्कलकोटच्या पुढच्या गावचा, साठीला टेकलेला माणूस. गेटजवळ पंपाची खोली आहे, तिथं तो बायकोला घेऊन राहतो. नऊ वर्षं त्यानं ते मशीन चालवलं आणि त्या नऊ वर्षांत मशीन हा विषय कॉलनीच्या एकाही मीटिंगमध्ये निघाला नाही. एखादी गोष्ट चांगली चालली असल्याचा ह्याहून मोठा पुरावा माझ्याकडे नाही.

मग बिराजदार सर रिटायर झाले.

शिवयोगी बिराजदार हे आयटीआयमध्ये इंजिन शिकवायचे. बत्तीस वर्षं शिकवलं. त्यांच्या हातून एखादं इंजिन दुरुस्त झाल्याचं कुणी पाहिलेलं नव्हतं, पण इंजिन कसं दुरुस्त होतं हे त्यांच्या तोंडून ऐकलेली माणसं जिल्हाभर गॅरेजं टाकून बसली आहेत. सरांची स्कूटर बिघडली की ते ह्यांपैकी कुणाकडे तरी जायचे आणि तो स्कूटर खोलत असताना बाजूला उभं राहून त्याला शिकवायचे. स्कूटर दुरुस्त व्हायची. सर घरी येऊन सांगायचे, ‘आज कार्बोरेटर काढला.’

पांढरा शर्ट, कपाळाला विभूती, आणि खिशात तीन पेनं. निळं, काळं आणि लाल. रिटायर झाल्यावर माणूस लाल पेन तरी घरी ठेवेल, पण सरांचं तेच पेन सगळ्यात जास्त चाललं. नोटीस बोर्डावर मी टाकी धुण्याची सूचना लावली की संध्याकाळपर्यंत तिच्यावर ऱ्हस्वदीर्घाच्या खुणा आणि खाली गुण. मला आजवर दहापैकी सातच्या वर कधी मिळाले नाहीत. शेजारच्यांच्या मुलीच्या लग्नाची पत्रिकासुद्धा त्यांनी तपासून परत दिली होती. आहेर वेगळा दिला, पण पत्रिका परत दिली.

चहाला आले की एक आठवण ते हमखास काढायचे. पेपरात दोन गुणांचा एक प्रश्न ते दरवर्षी मुद्दाम टाकायचे आणि निम्मा वर्ग तिथंच घसरायचा. प्रश्न कोणता, ते मात्र सांगायचे नाहीत. ‘सोपा आहे हो. इतका सोपा, की कुणी बघतच नाही तिकडे,’ एवढंच म्हणायचे आणि बशीतल्या बिस्किटाकडे हात न्यायचे.

असा माणूस कॉलनीत मोकळा फिरायला लागल्यावर त्याला काहीतरी काम देणं सगळ्यांच्याच हिताचं होतं. आमचे अध्यक्ष मुकुंदराव ह्या बाबतीत हुशार. त्यांनी सरांना ‘मानद तांत्रिक सल्लागार’ केलं. पगार नाही, फक्त नाव. सरांनी त्या नावाचा शिक्का करून आणला. मग सल्ला द्यायला कॉलनीत यंत्रं कोणती, ह्याचा शोध सुरू झाला. पंप बघायला वर्षातून एकदा माणूस यायचा. जनरेटर आम्ही घेतलेला नव्हता. उरलं गवत कापायचं मशीन.

पहिल्याच वर्षी खंडेनवमी आली. तोवर कल्लप्पा आपला त्या दिवशी मशीन धुऊन दांड्याला झेंडूचं फूल खोचायचा आणि हात जोडायचा, की झाली पूजा. सरांना ते पटलं नाही. यंत्राची पूजा शास्त्रशुद्ध पाहिजे म्हणाले. मशीनला रांगोळी घातली, हार घातला, नारळ फोडला, आणि विभूती लावायला मशीनचं कपाळ कोणतं ह्याचा थोडा विचार करून त्यांनी टाकीचं गोल टोपण निवडलं. सगळ्यात उंच तेच होतं. ओल्या विभूतीचे तीन बोटांचे जाड पट्टे त्यावर ओढले, मधोमध कुंकवाचा टिळा लावला. खरंच छान दिसत होतं. मी फोटो काढून कॉलनीच्या ग्रुपवर टाकला आणि त्रेपन्न जणांनी हात जोडले. त्यानंतर हा नेम दर सोमवारचा झाला. आंघोळ करून सर स्वतःच्या कपाळाला विभूती लावायचे आणि तशाच ओल्या बोटांनी येऊन मशीनच्या.

आणि मशीन बंद पडायला लागलं.

बंद पडायची तऱ्हा अशी. दोरी ओढली की झकास सुरू व्हायचं. सात-आठ मिनिटं मस्त चालायचं. मग आवाज बारीक व्हायचा, दोन आचके द्यायचं आणि गप्प. पंधरा-वीस मिनिटं तसंच राहू दिलं की पुन्हा सुरू, पुन्हा सात मिनिटं. ह्या हिशेबानं आमचं लॉन एका टोकाकडून दुसऱ्या टोकापर्यंत कापायला दोन दिवस लागायचे आणि तोवर पहिल्या टोकाचं गवत पुन्हा डोकं वर काढायचं. कल्लप्पा बिचारा मशीन थंड होईस्तोवर विळा घेऊन उकिडवा बसायचा.

सरांचा चेहरा मात्र उजळला होता. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा एक खरंखुरं आजारी इंजिन त्यांच्या एकट्याच्या ताब्यात आलं होतं. ‘गरम झालं की बंद, थंड झालं की सुरू,’ ते बोट नाचवत म्हणाले. ‘हे लक्षण मी फळ्यावर शंभर वेळा लिहिलंय.’ आधी त्यांनी प्लग बदलला. मग कार्बोरेटर खोलून धुतला. मग कॉईल बदलली, ती मिळवायला शहरातली भंगाराची दुकानं पालथी घातली. प्रत्येक वेळी मशीन सात मिनिटं चाललं. कॉईल बदलल्यावर साडेसात चालल्याचं सर म्हणत होते, पण ते घड्याळ त्यांचंच होतं.

मार्च महिन्यातली एक सकाळ मला नीट आठवते, कारण पुढे ती विसरायचा मी बराच प्रयत्न केला. त्या दिवशी मशीन चक्क चालू राहिलं होतं. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली. आवाज ऐकून सर धावत आले, मी मागोमाग. सरांनी मशीनभोवती एक चक्कर मारली आणि त्यांचा हात टाकीवर थांबला. टोपण अर्धा आटा ढिलं होतं.

‘कल्लप्पा! टोपण कुणी सैल केलं?’

‘मीच केलं की सर,’ कल्लप्पा मशीन बंद करून म्हणाला. ‘त्याला वारं लागतंय. आवळून बसवलं की दम कोंडतोय बघा त्याचा.’

‘वारं?’ सर माझ्याकडे वळले. ‘ऐकताय ना सेक्रेटरी? टाकीला वारं घालायला निघालेत हे. उद्या पंखा मागतील.’

मी हसलो. चांगला मोठ्यानं हसलो. सरांचे विनोद वर्षातून दोनच व्हायचे, म्हणून असेल. पण हसलो खरा.

‘अहो, हवेची जी सोय लागते ती कंपनीनं टोपणातच करून ठेवलेली असते,’ सर आता वर्गात शिरले होते. ‘तुम्ही ते सैल ठेवलंत की पेट्रोल उडून जातं. हिंदकळून खाली गरम सायलेन्सरवर पडलं तर पेट घेईल. समजलं?’

‘तसं न्हाय सर. आदी बी मी घट्टच लावत हुतो. तवा चालत हुतं. आता घट्ट लावलं की बंद पडतंय. टोपणाचंच कायतरी—’

‘तुम्ही गवताचं बघा.’

पान्यानं टोपण आवळलं गेलं. नवा रबरी वॉशर बसला. वरून कागदाची पट्टी चिकटवून तिच्यावर मानद तांत्रिक सल्लागाराचा शिक्का बसला, आणि दांड्याला पुठ्ठ्याची पाटी लागली : ‘टोपणाला हात लावू नये. पेट्रोल भरण्यासाठी सल्लागारांशी संपर्क साधावा.’ कल्लप्पानं पाटीकडे बघितलं, मान डोलावली, आणि त्या दिवसापासून टोपणाला खरोखर हात लावला नाही. चारचौघांत एकदा बोलणी खाल्लेला माणूस दुसऱ्यांदा शहाणपण सांगायला येत नाही. आम्ही त्याला कामचुकार म्हणत होतो ते हे.

पावसाळा सरला, दुसरी खंडेनवमी झाली, टोपणावर विभूतीचा नवा थर चढला. आता सरांनी शेवटचा उपाय काढला. सबंध इंजिनच नव्यानं बांधायचं. चार बोल्ट काढून त्यांनी इंजिन मशीनपासून सोडवलं आणि स्कूटरवर पायांत ठेवून घरी नेलं. टाकी दांड्याला होती तशीच बागेत राहिली. इंजिन महिनाभर सरांच्या स्वयंपाकघराच्या ओट्याशेजारी होतं. गुरम्माबाई, म्हणजे सरांच्या मिसेस, ह्यांनी तो महिना कसा काढला ते त्यांनाच ठाऊक. पिस्टनच्या रिंगा पोळपाटावर, व्हॉल्व्ह ताटलीत, आणि शेंगाचटणीला रॉकेलचा वास. मी एकदा गेलो तर बाई दारातच म्हणाल्या, ‘अय्य, या की, बसा. मी च्या ठेवते, पण साकरेच्या डब्यात काय घालून ठेवलेत ते आदी बघते.’

पण सरांची कमाल म्हणायला पाहिजे. त्यांनी ते इंजिन खरंच बांधलं. रिंगा नव्या, व्हॉल्व्ह घासून बसवलेले, गॅस्केट स्वतः कात्रीनं कापलेली. हात काळे झाले, एक नख फुटलं. पन्नास वर्षांच्या बाईनं पहिल्यांदा सायकल शिकावी तशी त्यांची अवस्था होती, घाबरलेली आणि खूश. चाचणीसाठी त्यांनी इंजिन लाकडी स्टुलाला आवळलं, सलाइनची एक प्लास्टिकची बाटली वरून कापून खिडकीच्या गजाला उलटी टांगली, तिच्यात पेट्रोल ओतलं आणि नळी इंजिनाला जोडली. दोरी ओढली. इंजिन एक तास दहा मिनिटं चाललं. शेवटी शेजारच्यांनी दुपारच्या झोपेची तक्रार केली म्हणून बंद केलं.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा मशीनवर बसवलं. सरांनी स्वतः पेट्रोल भरलं, टोपण लावलं, सील केलं, विभूती लावली आणि कल्लप्पाच्या हातात दिलं. सात मिनिटं.

पुन्हा घरी नेलं, सलाइन लावली. तासभर. पुन्हा बागेत आणलं, सात मिनिटं. तीन वेळा हे झालं. चौथ्यांदा सर आले ते मशीनकडे न जाता थेट माझ्याकडे आले आणि त्यांनी हातानं लिहिलेला तीन पानी अहवाल टेबलावर ठेवला. त्यात सगळं होतं, तक्ते होते, दोन आकृत्या होत्या. शेवटचं वाक्य लाल रेघेनं अधोरेखित केलेलं होतं : ‘यंत्र माझ्या हाती चालते व माळ्याच्या हाती बंद पडते. सबब यंत्र निर्दोष असून दोष चालकाचा आहे.’

तर्क बिनतोड होता. मी खाली सही केली. खरं सांगायचं तर आकृत्यांपर्यंत मी पोचलोच नव्हतो, समोर चहा होता आणि तो गार व्हायच्या आत मला संपवायचा होता.

मुकुंदरावांना असा कागद हवाच होता. बागेच्या कामाची एक एजन्सी त्यांच्या ओळखीची होती. तिची माणसं एकसारख्या टी-शर्टमध्ये येतात आणि बॅटरीवरची मशीनं आणतात. मीटिंगमध्ये त्यांनी अहवाल फडकवला. ‘सव्वीस जानेवारीच्या झेंडावंदनाला लॉन कापलेलं दिसलं पाहिजे. कल्लप्पाला ह्याच मशीननं ते एका दमात कापता आलं तर ठीक. नाहीतर एक फेब्रुवारीपासून एजन्सी. पंपाची खोलीही त्यांच्याच माणसांना लागेल.’ सगळ्यांनी हात वर केले. माझाही गेला. सचिवाचा हात सवयीनं जातो.

कल्लप्पा संध्याकाळी माझ्या व्हरांड्याच्या पायरीशी येऊन उभा राहिला. वर ये म्हटलं तरी आला नाही.

‘सायेब, मशीनसाटनं खोली बी जानार म्हनत्यात. खरं हाय व्हय?’

‘तसं ठरलंय खरं.’

‘मग जायाचं कुटं आमी? गावातलं घर भावानं पाडलं, तितं आता त्याची गुरं बांदत्यात.’ तो थोडा थांबला. ‘त्या टोपणाचं तेवडं सरांना तुमी सांगता का? माजं आयकत न्हाईत. तुमचं आयकत्याल.’

मला वाईट वाटलं. पण सरांना काही सांगायचं म्हणजे दोन तास ऐकायचं, आणि वर दहापैकी गुण घ्यायचे. ‘बघू,’ मी म्हणालो. ‘बघू’ हा शब्द मराठीत सचिवांसाठीच तयार झाला असावा. कल्लप्पाला तो कळतो. तो वळून गेला आणि मी आत जाऊन बातम्या लावल्या.

पंचवीस जानेवारीला सकाळी आठ वाजता सरांनी कॉलनीच्या ग्रुपवर ‘जाहीर प्रात्यक्षिक’ ठेवलं. कल्लप्पा मशीन चालवेल, ते बंद पडेल, मग लगेच स्वतः सर चालवतील आणि ते चालू राहील, असा कार्यक्रम होता. अहवाल सिद्ध करायची ही त्यांची पद्धत. थंडी होती, लोक स्वेटर घालून, चहाचे कप घेऊन आले. संक्रांतीची गड्ड्याची जत्रा नुकतीच उरकली होती. तिथून आणलेली विभूतीची नवी वडी सरांनी भिजवली आणि आज मोठा प्रसंग म्हणून जरा जाडच हात दिला. पट्टीवर शिक्का होताच.

कल्लप्पानं दोरी ओढली. मशीन सुरू झालं. तो खाली मान घालून सरळ रेषेत ढकलत गेला, वळला, परत आला. सगळे घड्याळ बघत होते. सातव्या मिनिटाला आवाज बारीक झाला. दोन आचके बसले. बंद.

‘हे पाहा,’ सर समाधानानं म्हणाले. वीस मिनिटं थंड होऊ दिलं. मग त्यांनी बाह्या वर केल्या, पुढे होऊन दोरी ओढली आणि दांडा हातात घेतला. चांगलं चाललं होतं. पहिल्या फेरीला लोकांनी टाळ्या वाजवल्या. चौथ्या फेरीला सर वळणावर होते तेव्हा आवाज बारीक झाला, मशीननं दोन आचके दिले आणि ते बंद पडलं.

सरांनी दोरी ओढली. पुन्हा ओढली. अकरा वेळा ओढली, मी मोजत होतो. चष्मा घामानं खाली घसरला. तेवढ्यात गुरम्माबाईंचा आवाज आला, ‘अय्य, आता चालक कोन म्हनायचं हो ह्यात?’

लोक हसले. मीही हसणार होतो, पण सरांचा चेहरा दिसला आणि हसू आलं नाही. माणूस बत्तीस वर्षं दुसऱ्यांना नापास करत आलेला असतो, त्याला उलटा अनुभव नसतो.

कल्लप्पा हळूहळू पुढे आला. मशीनजवळ उभा राहिला. हात पाठीमागे बांधलेले.

‘सर, टोपणाला हात लावू का?’

सरांनी पाटीकडे बघितलं, मग होकाराची मान हलवली. कल्लप्पानं शिक्क्याची पट्टी अलगद सोडवली, फाडली नाही. टोपण अर्धा आटा फिरवलं. आतून श्वास ओढल्यासारखा स्पष्ट आवाज आला. चहाचे कप घेतलेल्या लोकांनाही ऐकू गेला. मग त्यानं दोरी एकदाच ओढली.

मशीन सुरू झालं आणि कल्लप्पानं उरलेलं सगळं लॉन एका दमात कापून टाकलं. दीड तास लागला. सर तेवढा वेळ एकाच जागी उभे होते. मशीन थांबल्यावर त्यांनी टोपण काढून हातात घेतलं, उजेडाला धरलं. मग बायकोच्या बांगडीला अडकवलेली सेफ्टी पिन मागून घेतली आणि टोपणाच्या मधोमध टोचली. टिळ्याखालून वाळलेल्या विभूतीचा खपला निघाला, भुकटी पडली आणि सुईच्या अग्राएवढं एक भोक उघडं झालं. टाकीतलं पेट्रोल खाली उतरायचं तर वरून तेवढी हवा आत यायला लागते. ती येण्याचं भोक सरांनी सव्वा वर्ष दर सोमवारी न चुकता लिंपलं होतं. घरी सलाइनची बाटली वरून उघडी होती, म्हणून इंजिन तिथं तासभर चालायचं.

सर टोपण खिशात घालून घरी गेले.

मुकुंदरावांना मात्र बोलणं भाग होतं. ‘वा! सरांनी शेवटी दोष शोधलाच,’ ते म्हणाले. ‘झेंडावंदनाला सत्कार करू.’ मी विचारलं, म्हणजे कल्लप्पाचं काय? ते आवाज उतरवून म्हणाले, ‘ते ठरलंय तसंच. एजन्सीशी बोलणं झालंय. आणि अहवालात दोष चालकाचाच आहे ना? तुमची सही आहे त्याच्यावर.’ मी पुन्हा काही बोललो नाही. बघू, असंही म्हणालो नाही.

झेंडावंदनाला सर आले नाहीत. शाल माझ्या कपाटात पडून राहिली. सत्तावीस तारखेला सकाळी सहाला त्यांनी माझी बेल वाजवली, साफ केलेलं टोपण आणि एक पान हातात दिलं आणि चहाला न थांबता गेले. वरच्या कोपऱ्यात मानद तांत्रिक सल्लागाराचा शिक्का होता आणि त्यावर लाल फुली मारलेली होती. अक्षर फळ्यावरच्यासारखं सुबक.

‘प्रश्न : पेट्रोलच्या टाकीच्या टोपणाला भोक का असते? (गुण २)

हा प्रश्न मी बत्तीस वर्षे विचारला. त्याचे उत्तर कल्लप्पा यांनी मला मार्च महिन्यात बागेत तोंडी दिले होते. मी ते तपासले नाही. माझा तीन पानी अहवाल रद्द समजावा. यंत्र निर्दोष नव्हते, चालक निर्दोष होता. हे पान अहवालाच्या जागी लावावे व मीटिंगमध्ये मोठ्याने वाचावे.

कल्लप्पा : २ पैकी २.

शि. बिराजदार : ०.

उत्तर दिले तेव्हा सचिव हजर होते. त्यांनी आपले गुण स्वतः भरावेत.’

खाली रेघ होती आणि रेघेवर जागा सोडलेली होती.

पहिल्या अहवालावर सही करायला मला चहा संपायच्या आतला वेळ पुरला होता. हे पान मी दोन दिवस शर्टाच्या खिशात घेऊन फिरलो. एकदा वाटलं, एक गुण घ्यावा, निदान व्हरांड्यात त्याचं ऐकून तरी घेतलं होतं. तेवढ्यात बाहेर मशीन सुरू झालं. मी खिडकीशी उभा राहून सवयीनं सातवं मिनिट यायची वाट बघत राहिलो. ते आलं आणि गेलं. कल्लप्पा कोपऱ्यावर वळून परत येत होता आणि दांड्यावरची पाटी कुणीतरी काढून टाकली होती. मग मी लाल पेन शोधलं, रेघेवर शून्य काढलं, आणि संध्याकाळी मीटिंग बोलावल्याची नोटीस लिहायला बसलो.